लीव्हिओंना नमस्कार

कुंदा आली. बॅगेत मेतकूट आणि एक यादी:
पांढरा महाल, दीपगृह, टेकडीवर चढणारी ट्राम.
ट्राम बंद आहे, म्हटलं. कधीपासून?
मी आले त्याच्या आधीपासून.
"आणि तू कधी विचारलं नाहीस?"
तीस वर्षं परभणीच्या बँकेत कॅश मोजलेली बाई,
न जुळलेला आकडा तिला झोपू देत नाही.

सहा वर्षं मी त्रिएस्तेत.
महाल रोज बसच्या खिडकीतून, येता उजव्या हाताला, जाता डाव्या.
तिकीट काढून आत गेले ती कुंदामुळे.
राजपुत्राने बांधला, जेमतेम राहिला,
दूरदेशी राज्य करायला गेला तो परतला नाही,
असं मी पाटीवरचं वाचून दाखवत होते,
अगदी नीट, कर्मणी प्रयोगासकट.
कुंदा खोलीकडे बघत होती. ठेंगणं छत, लाकडी भिंती.
"जहाजातल्यासारखी केलीय.
घरात होता तेव्हाच निघालेला होता म्हण."

कॉफी दीड युरोची, उभ्याने. तिने वहीत रुपये लिहिले
आणि दुसरी मागवली.
इथल्या वाऱ्याचं नाव बोरा, मी सांगितलं,
पूर्वी रस्त्याकडेने दोर बांधायचे, माणसं धरून चालायची.
"बोरांचा वारा!" ती एवढ्या मोठ्यांदा हसली
की टपरीवाल्यानेही कप पुसता पुसता विचारलं, काय म्हणाली?
मला भाषांतर जमलं नाही.

मंगळवारी मला ऑफिस.
संध्याकाळी कुंदा दारात, केस ओले, भुवईवर मीठ.
खालच्या मजल्यावरची निव्हेस तिला पोहायला घेऊन गेली होती,
तिथे, जिथे किनाऱ्याच्या मधोमध भिंत आहे,
इकडे बायका, तिकडे पुरुष.
"भिंत थोडी पाण्यातही जाते. कबुतरं दोन्हीकडे."
कुंदा पंजाबी ड्रेससकट उतरली.
सत्तरीच्या बायकांनी, अंगावर निम्मे कपडे, टाळ्या वाजवल्या,
जर्दाळू दिले.

मग चहा ढवळत:
"तिचा नवरा गेला ना गं. डिसेंबरात.
तुला माहीत नाही?"

कुंदाला इटालियनचे दोन शब्द येतात, पिझ्झा धरून.
कसं कळलं तुला?
तिने करून दाखवलं. बोटातली अंगठी फिरवली,
तळहात गालाखाली ठेवला, डोळे मिटले,
मग हात उघडून बराच वेळ नुसता धरून ठेवला.
"मग रडली. मग आम्ही परत पाण्यात गेलो."

मला ही भाषा येते. जर-तरची रूपं येतात,
वडीलधाऱ्यांशी बोलायची वेगळी क्रियापदं येतात.
दर रविवारी जिन्यात मी म्हणते,
लीव्हिओंना नमस्कार सांगा.
आणि ती म्हणते, सांगते.
जानेवारीत म्हणाली. मार्चमध्ये म्हणाली.
ईस्टरला तर गोड पावाचा गोळा हातात ठेवत म्हणाली,
सांगते हं.

"आता जाऊन काही बोलू नकोस," कुंदा म्हणाली.
"गेलेल्या माणसाची पेन्शन महिना-दोन महिने यायची,
बायको घ्यायला यायची.
मी सही बघायचे. तोंडाकडे नाही बघायचे."

गुरुवारी तिचं विमान.
फ्रिजवर यादी राहिली. दीपगृहापुढे टिक नाही.

शनिवारी टॉवेल घेऊन मी एक मजला उतरले
आणि बेल वाजवली.
निव्हेसने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.
ती कुठेय?
गेली, म्हटलं,
आणि लगेच, विमानाने, परवा, घरी,
हाताने पंखसुद्धा करून दाखवले.
ती थांबली. टॉवेल पाहिला.
टोपी शोधायला आत वळली तेव्हा दार उघडंच होतं.
खुंटीवर दोन टोप्या,
एक पुरुषाची, काठाला वाळलेलं मीठ.
तिने दोन्ही काढल्या.
एक डोक्यावर घातली,
दुसरी माझ्याकडे दिली. मला मोठी होत होती.